सदर जागा आमच्या अखत्यारीत येत नाही

आई पडली ती १२ जून २०२४ ला, बुधवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास. खड्ड्यात नाही पडली, हे आधीच सांगतो. डोंबिवलीत कोणी पडलं म्हटलं की पुढचा प्रश्न 'कुठला खड्डा?' हाच असतो.

पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे. शेड आहे, बाकडं आहे, शेडवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनरही आहे. फक्त थांब्यापुढे दुचाक्या इतक्या दाटीने लावलेल्या असतात की बस कडेला येऊच शकत नाही. ती रस्त्याच्या मध्यावर थांबते आणि माणसं दोन स्कूटरच्या फटीतून अंग चोरत तिच्याकडे धावतात. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. भजनाच्या वर्गाला निघाली होती. साडीचा काठ एका गाडीच्या स्टँडला अडकला आणि ती कुशीवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अडीच महिने अंथरुणात गेले, पुढे वॉकर आला, आता काठी आहे.

पहिले काही दिवस मी त्या दुचाकीवाल्यांना मनात भरपूर शिव्या घातल्या. मग एकदा औषधं घेऊन येताना थांब्यापाशी उभा राहिलो आणि सहज वर पाहिलं. खांबावर निळा बोर्ड. पी-२. सम तारखेला पार्किंग. खाली बाण, आणि तो बाण सरळ शेडच्या दिशेने.

१२ तारीख म्हणजे सम. ज्या गाडीला अडकून आई पडली ती गाडी नियमाने उभी होती!

हे कळल्यावर मला त्या दुचाकीवाल्याचा राग येणं बंद झालं, आणि कोणाचा राग करायचा हेच कळेना. तिथून पुढची दीड वर्षं मी या एका बोर्डाच्या मागे आहे. घरचे म्हणतात, तुला वेड लागलंय. असेल. पण या वेडापायी जे वाचलं, पाहिलं, ते तुमच्याही गल्लीच्या कामाचं आहे म्हणून लिहितोय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

पत्रं लिहिली. तीन कार्यालयांना. नावं मुद्दाम देत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, एका ताईंनी तर आईची चौकशी केली, पाणी दिलं. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, शेड आमची, पण गाड्या कुठे लावायच्या ते आम्ही ठरवत नाही. दुसरे म्हणाले, आम्ही फक्त उचलतो आणि दंड करतो, बोर्ड त्यांचे. तिसऱ्याकडून लेखी आलं: 'सदर जागा आमच्या अखत्यारीत येत नाही. आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे.' संबंधित कार्यालय म्हणजे पहिलं. वर्तुळ पूर्ण.

मग कायदा वाचायला बसलो. मी आयुष्यभर हिशेबाची कामं केली, रोज सकाळची लोकल पकडून ठाण्याला. कायद्याशी संबंध टीडीएसपुरता. पण मोटार वाहन कायदा, १९८८ इतका अवघड नाही. कलम ११७ म्हणतं की गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहतील, प्रवासी गाड्या कुठे जास्त वेळ थांबतील, या जागा राज्य सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरवायच्या, आणि त्या ठरवताना स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करायचा. म्हणजे आपल्याकडे वाहतूक पोलीस आणि महापालिका यांनी एकमेकांशी बोलून. दोघांनी. ज्या कामाला दोघं लागतात ते काम 'त्यांचं' म्हणून ढकलणं किती सोपं असतं, हे दोन भाऊ असलेल्या कुठल्याही घरात विचारा.

कलम ११५ त्याहून मजेशीर आहे. एखाद्या रस्त्यावर गाड्यांना बंदी किंवा निर्बंध घालायचे तर राजपत्रात अधिसूचना हवी. पण निर्बंध महिन्याभरासाठीच असेल तर राजपत्राची गरज नाही, परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी पुरे. गणपती, नवरात्र, पुलाचं काम, गर्डर टाकणं यासाठी ही सोय रास्तच आहे. पत्रीपुलाचे दिवस आठवा. जुना पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला, नवा २५ जानेवारी २०२१ ला सुरू झाला. मधल्या काळात गाड्या इकडून तिकडे वळवण्याचे किती आदेश निघाले असतील, मोजदाद नाही. अडचण अशी की आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीला मरण नसतं. बोर्ड लागतो, महिना संपतो, बोर्ड तिथेच राहतो.

आमचा बोर्ड यातला कुठला? माहिती अधिकारात विचारलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा प्रश्न: या ठिकाणच्या पार्किंगच्या आदेशाची प्रत द्यावी. उत्तर आलं: 'सदर बाबतचा अभिलेख आढळून येत नाही.'

कागदच नाही! ज्या बोर्डाच्या जोरावर लोक गाड्या लावतात, ज्याच्या उलट्या तारखेला लावली तर दंड होतो, त्याच्यामागे कागद सापडत नाही. कागद असता तर त्याच्यावर हरकत घेतली असती. नसलेल्या कागदावर हरकत कशी घ्यायची?

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे विचारण्याची जागा कुठली?

सरळ उत्तर: महापालिका. आपल्या महापालिका अधिनियमात परिवहन समिती नावाची चीज आहे. ठाण्याची बससेवा १९८९ ची, कल्याण-डोंबिवलीची १९९९ ची. त्यांच्यावर नजर ठेवायला ही समिती. तिच्यावर नगरसेवक नसलेली पण वाहतूक, अभियांत्रिकी, कामगार प्रश्न जाणणारी माणसंही घेता येतात, अशी सोय कायद्यातच आहे. बसथांब्यापुढे बस लागत नाही हा प्रश्न तिथेच जायला हवा. पण कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि नव्या निवडणुकीचं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. आमच्याकडे पाच वर्षांहून जास्त काळ ना महासभा, ना स्थायी, ना परिवहन समिती. सगळे अधिकार प्रशासकाकडे. आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा, प्रशासकांनी तो मंजूर करायचा, आणि आयुक्त हेच प्रशासक. मी हिशेबातला माणूस. व्हाउचर बनवणारा आणि पास करणारा एकच असेल तर आम्ही त्याला काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

समित्या होत्या तेव्हा सोन्याचा धूर निघत होता असं म्हणायचं नाही. परिवहन समिती होती तेव्हाही थांब्यावर तासन्‌तास उभे राहिलोय. पण तेव्हा निदान एक खोली होती, जिथे अधिकाऱ्याला 'हा बोर्ड कोणी लावला?' असं तोंडावर विचारता येत होतं आणि ते इतिवृत्तात लिहिलं जायचं.

खालची खोली बंद झाली म्हणून प्रश्न वर गेला. विधान भवनात. आणि तिथे समित्या भरपूर आहेत. आपल्याला बातम्यांत लोकलेखा समिती तेवढी माहीत असते. मला तीन समित्यांचा शोध लागला.

एक, उपविधान समिती. सरकार कायद्याखाली जे नियम करतं ते मूळ कायद्याच्या चौकटीत आहेत ना, वेळेत सभागृहापुढे ठेवले ना, हे ती तपासते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ मध्येच लिहिलंय की राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळापुढे ठेवायचा. उत्तम. पण आमचा पी-२ हा 'नियम' नाही, तो 'आदेश' आहे, आणि आदेश तिथपर्यंत पोचत नाही. रिक्षाचं भाडंही तसंच. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झाले ते प्राधिकरणाच्या निर्णयाने. (डोंबिवलीत एकदा 'मीटर टाका' म्हणून बघा, रिक्षावाला तुमच्याकडे परग्रहावरचा माणूस असल्यासारखा पाहतो. आई आता भजनाला रिक्षानेच जाते, म्हणून हा विषय घरच्या वहीत रोज असतो.) म्हणजे गंमत बघा, ज्या गोष्टीने माझ्या आईचं हाड मोडलं ती गोष्ट इतकी लहान आहे की कुठल्याच समितीच्या चाळणीत अडकत नाही, खाली पडून जाते.

दोन, आश्वासन समिती. मंत्री सभागृहात 'तपासून घेऊ', 'कार्यवाही करू', 'बैठक लावू' म्हणतात, त्याची नोंद ठेवून पुढे काय झालं हे विचारणारी. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि कुठली वाक्यं आश्वासन धरायची याची तिच्याकडे ठरलेली यादीच आहे. मला ही समिती फार आवडली. घरात एक तरी माणूस असा लागतो की जो म्हणतो, 'तू दिवाळीत म्हणाला होतास.' पण मेख इथे आहे: सभागृहात बोललेलंच धरतात. बाहेर माइकसमोर बोललेलं नाही. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी, ते आपल्या ठाण्याचेच आमदार, जाहीर केलं की पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन दिवस महायुद्ध झालं. घोषणा चांगली की वाईट यावर मी बोलत नाही (मला पटली होती, सोसायटीतल्या तिघांनी अजून बोलणं सोडलंय). पण पत्रकारांपुढची घोषणा नियम नसते, त्यामुळे उपविधान समितीकडे जात नाही. सभागृहातलं वाक्य नसते, त्यामुळे आश्वासन समितीकडेही जात नाही. म्हणून पुढच्या वेळी 'मंत्री म्हणाले' अशी पोस्ट आली की विचारा, कुठे म्हणाले?

इथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली. २०२२ ते २०२४ या काळात मुख्यमंत्री ठाण्याचे, सार्वजनिक बांधकाम मंत्री डोंबिवलीचे. आम्हाला केवढा अभिमान! पण मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तरं देतो. आश्वासनं आणि लेखे तपासणाऱ्या समित्यांवर मंत्र्यांना घेतही नाहीत. म्हणजे आपला आमदार मंत्री झाला की निधी वाढत असेल, पण आपल्या बाजूने प्रश्न विचारणारा एक कमी होतो. खाली नगरसेवक नाहीत आणि वर आमदार मंत्री, अशा वेळी डोंबिवलीकराचा प्रश्न शेजारच्या मतदारसंघातल्या कोणीतरी विचारला तर विचारला. यात कोणावर टीका नाही, रचनाच तशी आहे.

आणि प्रश्न विचारला गेला तरी उत्तर कसं असतं ते बघायचं असेल तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नांच्या याद्या असतात, एक रात्र काढा. 'हे खरे आहे काय?' असं सुरू होतं. उत्तर: 'हे अंशतः खरे आहे.' मग 'असल्यास, याप्रकरणी चौकशी करण्यात आली आहे काय?', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि शेवटचं उत्तर ठरलेलं: 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्यांदा हसलो. मग सवय झाली. आता आईने 'जेवलास का?' विचारलं की मी 'हे अंशतः खरे आहे' म्हणतो.

तिसरी, विनंती अर्ज समिती. ही आपली. तुम्ही-आम्ही लिहिलेला अर्ज आमदारामार्फत सभागृहात मांडला जातो आणि समितीकडे जातो. समिती विभागाचं म्हणणं मागवते, सचिवांना साक्षीला बोलावू शकते. अट अशी की विषय न्यायालयात नसावा, भाषा सभ्य असावी, सह्यांसोबत नाव-पत्ता असावा.

हे सगळं समजून घेऊन, फाइल काखोटीला मारून, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी एका आमदारांच्या कार्यालयात गेलो. कोणाच्या ते विचारू नका. तिथल्या मुलाने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, एवढ्यासाठी समिती कशाला? मी एक फोन करतो, उद्या बोर्ड हलेल."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. घरी आलो. आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग करू दे ना त्याला फोन! मला बसने जायचंय. तुझी समिती बसेपर्यंत मी असेन का?"

खोटं कशाला सांगू, मी फोन करू दिला. आणि बोर्ड हलला, तिसऱ्या दिवशी! थांब्यापासून वीसेक पावलं पुढे गेला. दुचाक्याही हळूहळू सरकल्या. बस कडेला लागायला लागली. आई काठी घेऊन, माझा हात धरून, नऊ महिन्यांनी पहिल्यांदा बसमध्ये चढली. कंडक्टरने तिला पुढची सीट रिकामी करून दिली. त्या दिवशी मला वाटलं, कसला कायदा आणि कसली समिती, एक फोन पुरे.

मे महिन्यात रस्त्याच्या काँक्रिटीकरणासाठी खांब काढले. पावसाच्या तोंडावर परत लावले. लावणाऱ्या माणसाकडे कुठलाही नकाशा नव्हता, मी स्वतः विचारलं. "जुना खड्डा होता तिथे रोवला," म्हणाला. पी-२ परत शेडपाशी. बाण परत शेडकडे. मी त्याच कार्यालयात पुन्हा गेलो. तो मुलगा तिथे नव्हता, दुसरा होता, त्याला आधीच्या फोनबद्दल काही माहीत नव्हतं. कुठून असणार? फोनला जावक क्रमांक नसतो.

त्या संध्याकाळी आई काही बोलली नाही. फक्त रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला, तेव्हा दोन-तीन जणांनी मला तो फॉरवर्ड केला. चांगला आदेश आहे. पण आईच्या प्रकरणात खड्डा नाही. रस्ता गुळगुळीत होता. आणि भरपाई मागायला आधी पडावं लागतं.

समितीने जादू होते असंही नाही. ब्रिटनमध्ये खासदारांच्या परिवहन समितीने २०१९ मध्ये फूटपाथवर गाड्या लावण्याच्या प्रश्नावर चौकशी केली. काठीने चालणारे, अंध माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया यांचं म्हणणं ऐकलं, अहवाल दिला. लंडनमध्ये अशा पार्किंगला १९७४ पासून बंदी आहे, ती बाकी इंग्लंडभर करा म्हणाले. सरकारने २०२० मध्ये लोकांची मतं मागवली आणि मग वर्षानुवर्षं गप्प बसलं. तिकडेही 'विचाराधीन' असतं, फक्त इंग्रजीतून. तरीही तो अहवाल आज उघडून वाचता येतो, कोण काय म्हणालं ते नावानिशी सापडतं. आमच्या बोर्डाच्या नशिबी तेवढंही नाही.

तर अर्ज तयार आहे. एका पानाचा. आमचा बोर्ड हलवा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, ते वाचून बिल्डिंगमधले दोघं वैतागले. मागणी एवढीच: ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे ठाण्यापासून बदलापूरपर्यंत, पार्किंगचा आणि रिक्षा स्टँडचा जो जो बोर्ड आहे त्यावर आदेशाचा क्रमांक आणि तारीख रंगवावी. आदेश तात्पुरता असेल तर संपण्याची तारीखही. ज्याचा कागद सापडत नाही तो बोर्ड काढावा. आणि कलम ११७ प्रमाणे पोलीस आणि महापालिका यांच्यात जो विचारविनिमय झाला त्याची नोंद विभागाने समितीपुढे ठेवावी. खर्च रंगाचा आणि ब्रशचा. एक प्रत नव्या नगरसेवकांनाही देणार आहे, कारण परिवहन समिती आता बसेल आणि तिच्या पहिल्याच बैठकीत हा विषय निघाला तर मला वर जायचंही कारण नाही.

कोणी म्हणेल, बोर्ड काढले की सगळेच कुठेही गाड्या लावतील. लावतील, काही दिवस. आताही लावतातच. रिक्षा युनियनमधल्या एका ओळखीच्या माणसाने तर आधी मलाच झापलं, "स्टँडचे कागद मागून आमच्या पोटावर पाय देता का?" मग तासभर बोलल्यावर म्हणाला, त्यांच्याही दोन स्टँडचा कागद कोणाला सापडत नाही, आणि त्याच कारणाने त्यांना दर सणाला उठवतात. सही त्याने पहिल्या दहांत केली.

आतापर्यंत ४३ सह्या झाल्यात. ज्यांना करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी ९ ते ११ मध्ये या, ठिकाण मेसेजमध्ये सांगतो. आधार कार्ड नको, फोटो नको. नाव-पत्ता वाचता येईल असा लिहा आणि पेन स्वतःचं आणा, मागच्या रविवारी माझी तीन पेनं गेली. आणि येताना तुमच्या गल्लीतल्या पी-१, पी-२ बोर्डाचा फोटो घेऊन या, आसपास थांबा, शाळा किंवा दवाखाना असेल तर तोही दिसू दे. अर्जाला जोडायचे आहेत.

आईची सही पहिली आहे. थोडी थरथरलीय, पण वाचता येते.